मध्ये मोजायचं नाही

खर्रर्र.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. खारू झोपलीय या भरवशावर मी पंखा एकवर आणला होता, फोन उशीखाली दाबला होता आणि कीबोर्डची बटणंही चोरासारखी दाबत होते. तेवढ्यात आतल्या खोलीत स्टूल सरकलं. थांबलं. पुन्हा खर्रर्र. मग एकदम सामसूम. मूल जागं असून घरात अशी सामसूम पसरली, की आई हातातलं टाकून उठते. आवाज परवडला.

उठून गेले. खारू दाराच्या चौकटीला स्टूल लावून त्यावर उभी होती. डाव्या हाताने चौकट घट्ट धरलेली, उजव्या हातात जांभळा खडू, जीभ बाहेर. आणि चौकटीच्या लाकडावर, ती जमिनीवर उभी राहिली असती तर तिच्या डोक्याच्याही बरीच वर, एक जाडजूड जांभळी रेघ.

"काय गं, झोप कुठे गेली?"

"ती झोपली."

"आणि तू?"

"मी वर्ष करतेय."

मी तिला कमरेत धरून खाली उतरवलं. खडू काढून घ्यायला गेले तर मूठ आणखी आवळली. चार वर्षांची व्हायला दीड महिना बाकी आहे, पण मुठीत जोर मोठ्या माणसाचा. तोंडात काही घातलं की गालात साठवून ठेवते म्हणून तिचं नाव खारू पडलं. गोष्टीही ती तशाच साठवते. आपण बोलून विसरून जातो, आणि महिन्याभराने ती गालातून काढून समोर ठेवते.

"वर्ष कसं करतात?" मी विचारलं.

"रेघ मारली की होतं."

"आणि मग?"

"मग बाबा येतात." एवढं साधं या बाईला कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

चौकटीवर आधीच्या तीन रेघा आहेत. सुताराच्या चपट्या पेन्सिलीने मारलेल्या, बारीक, सरळ. प्रत्येकीच्या शेजारी तारीख, खारूच्या बाबाच्या उभट अक्षरात. तो दूरच्या एका वीजकेंद्रात मोठमोठ्या मशिनींच्या देखभालीला असतो. वर्षातून एकदा त्या मशिनी बंद करतात, नट नट सुटा करून धुतात, झिजलेलं बदलतात, पुन्हा जोडतात. ते झालं की त्याला अठ्ठावीस दिवसांची सुट्टी. मशिनींचं वर्ष संपतं तेव्हा आमचं सुरू होतं, असं मी त्याला एकदा म्हणाले होते. तो म्हणाला, "तुमचं वर्ष अठ्ठावीसच दिवसांचं का गं?" मी म्हटलं, "हो, बाकीचं नुसतं कॅलेंडर."

घरी आला की बॅग दारातच टाकतो आणि हातपाय धुवायच्या आधी खारूला चौकटीला उभी करतो. टाचा टेकव. हनुवटी खाली. डोक्यावर जाड पुस्तक आडवं. रेघ. मग जुन्या रेघेपासून नव्या रेघेपर्यंत बोटं ठेवून मोजतो आणि म्हणतो, "एवढी वाढलीस? बाबाला न विचारता?" हे हसत म्हणायचं वाक्य आहे. दुसऱ्या रेघेला तो हसतच म्हणाला. गेल्या वर्षी अर्धंच म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ वाहत होता.

त्याचा एकच नियम आहे. मध्ये मोजायचं नाही. "मला अख्खं वर्ष एकदम बघायचंय," तो म्हणतो. "रोज रोज थोडं थोडं तू बघतेसच की. मला शिळं नको."

हा नियम मी काटेकोर पाळलाय. लोकांनी वेड्यात काढलं तरी. लस द्यायला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या नर्सने खारूला उंचीच्या पट्टीपाशी उभी केली, आणि त्या आकडा बोलणार तोच मी म्हटलं, "सिस्टर, नुसता लिहा. बोलू नका." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का हो, दृष्ट लागते?" मी म्हटलं, "नाही, बाबा राहिलाय." त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी अगदी बारीक अक्षरात लिहिलं आणि कार्ड घडी घालून माझ्या हातात दिलं. ते कार्ड तसंच्या तसं ड्रॉवरमध्ये आहे. दुकानात फ्रॉक घेताना बाई टेप काढते तेव्हा मी म्हणते, "राहू द्या, अंदाजाने घेऊ." अंदाज चुकतात. खारूच्या निम्म्या फ्रॉकांची बाही कोपरावर येते आणि निम्म्यांची बोटांवर.

आता हा जांभळा उद्योग माझ्यामुळेच झाला हे माझ्या लक्षात आलं. महिन्यापूर्वी तिने विचारलं होतं, "आई, वर्ष केवढं असतं?" माझ्या हातात काम होतं. मी चौकटीकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत." "वरची कुठाय?" "ती अजून यायचीय." फार छान उत्तर दिलं असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

"अगं वेडाबाई," मी खाली बसून म्हटलं, "रेघ मारली म्हणून बाबा येत नाहीत. बाबा येतात म्हणून रेघ मारतात."

तिने जरा विचार केला. "बटण दाबलं की दिवा लागतो ना?"

"हो."

"दिवा लागला म्हणून आपण बटण दाबत नाही ना?"

"नाही."

"मग! आधी बटण."

कप्पाळ माझं! उठल्यावर बटणाचं बघू, असं सांगून तिला थोपटलं. खडू मुठीतच ठेवून ती झोपली. जांभळी रेघ मी पुसली नाही. ओल्या फडक्याने निघाली असती. पण हात गेला नाही.

माझी नोकरी म्हणजे ही अशी, खारूच्या झोपेएवढी. निरनिराळ्या यंत्रांबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, जी कोणी वाचत नाही, ती अनेक भाषांत तयार करणारं एक छोटं ऑफिस आहे. तिथे एक पद्धत आहे. आपल्या भाषेतला मजकूर एकजण दुसऱ्या भाषेत नेतो. मग मूळ मजकूर ज्याने डोळ्यांनी पाहिलेला नाही, असा दुसरा माणूस तो पुन्हा आपल्या भाषेत आणतो. माझं काम हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघायचं, की जाऊन येऊन वाटेत काय सांडलं. गेलं काय होतं आणि आलं काय. सांडलेलं सापडलं की त्या त्या भाषेच्या माणसाला फोन करायचा.

या वेळी नळाला लावायच्या पाणी गाळणीची पुस्तिका होती. नऊ भाषा. बाकी दीडशे वाक्यं सुरळीत गेली. 'झाकण घट्ट लावा' नवाच्या नऊ भाषांतून घट्ट लागून परत आलं. अडलं ते चौदाव्या वाक्याला. 'फिल्टर वर्षातून एकदा बदला.'

एका भाषेतून परत आलं, 'वर्ष फिरून आलं की बदला'. दुसरीतून, 'बारा चंद्र भरल्यावर'. एकीतून नुसतंच 'वर्षावर वर्ष'. एकीतून 'प्रत्येक नव्या वर्षी', म्हणजे त्यांच्याकडे वर्ष सुरू झालं की सगळे एकाच दिवशी गाळण्या उघडून बसणार. आणि एका भाषेतून आलं, 'दर उन्हाळ्याला बदला'.

सकाळीच ऑफिसातल्या मोठ्या बाईंचा फोन येऊन गेला होता. "अगं, नळाला लावायचा डबा आहे तो. त्याला कुठला चंद्र आणि कुठला उन्हाळा? नवाच्या नऊ एकसारख्या कर. आणि तो उन्हाळेवाला आधी सरळ कर. पाचला फाइल छापायला जातेय. मुलगी झोपली की बसतेस ना तू?"

"हो बाई."

"मग आज जरा लवकर झोपव."

जणू तेही बटणच आहे.

खरं सांगायचं तर ते चौदावं वाक्य मला सोडवत नव्हतं. कालपासून माझ्या कानात एकच शब्द घुमत होता, आणि तो या नऊ भाषांपैकी कुठल्याच कागदावर नव्हता.

काल चार वाजता रोजच्यासारखा खारूच्या बाबाचा फोन आला होता. त्याची पाळी चारला संपते. आधी हवापाण्याचं बोलला, मग जेवणाचं. तो जेवणाचं दोनदा विचारायला लागला की मी समजते, काहीतरी घशात अडकलंय.

"ऐक ना," शेवटी म्हणाला. "शेजारचं केंद्रही आमच्याच कंपनीकडे आलंय. तिथल्या मशिनीही आम्हीच उघडायच्या. इथलं संपलं की लगेच तिथलं. माणसं तेवढीच."

"बरं. मग?"

"मग सुट्टी... वर्षाआड करतायत."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"म्हणजे या वर्षी नाही. पुढच्या वर्षी. तेव्हा जास्त दिवस देतायत. कागद आलाय, उद्यापर्यंत सही करायचीय. नाही म्हटलं तर इथलं सोडून यायचं आणि तिकडे नवं काहीतरी शोधायचं. मला चालेल तेही. तू म्हणशील तसं."

मला म्हणायचं होतं, ये. काहीही शोधू, पण ये. मी म्हणाले, "बघ तुला काय वाटतं."

"बरं," तो म्हणाला.

आमच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका हंडे, बादल्या, पातेली, रिकाम्या बाटल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवतात. मीही ठेवते. दिवसाआड पाणी येणार असेल तर काय भरून ठेवायचं हे मला ठाऊक आहे. वर्षाआड माणूस येणार असेल तर काय भरून ठेवायचं? आणि कशात?

आपल्या भाषेत दरवर्षी आहे, सालोसाल आहे, वर्षाकाठी आहे, वर्षानुवर्षं आहे. इतके शब्द हाताशी असताना माझ्या वाट्याला नेमका तो यावा!

दीड तास हाताशी होता. मी उन्हाळेवाल्या आजोबांना फोन लावला. ते निवृत्त शिक्षक आहेत. आपली भाषा त्यांनी पन्नाशीनंतर शिकली. नवी चप्पल घालून चालावं तसं ते बोलतात, हळू आणि प्रत्येक पाऊल बघून. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या आवाजावरून त्यांना खारू झोपलीय की जागी हे कळतं.

"झोपलीय," ते म्हणाले. "तू कुजबुजतेस."

"आजोबा, चौदावं वाक्य. 'दर उन्हाळ्याला' असं आलंय तुमच्याकडून."

"बरोबर आलंय. आमच्या भाषेत आणणाऱ्या मुलीने तसंच लिहिलंय. आमच्यात माणसाचं वयसुद्धा उन्हाळ्यांनी मोजतात. मी अठ्ठ्याहत्तर उन्हाळ्यांचा आहे."

"पण एखाद्याने गाळणी थंडीत घेतली तर?"

"तर पहिल्या खेपेला सहाच महिन्यांत बदलेल. कंपनी पेढे वाटेल." मग स्वतःच्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. "आता मी विचारतो. तुझ्या भाषेतलं मला एक सांग. वर्षा-तून एकदा. म्हणजे वर्ष हे एक पोतं. त्यात हात घालायचा आणि एक काढायचं. असंच ना?"

"असंच काहीसं."

"आणि बाकीचं पोतं?"

"ते पाठीवर राहतं, आजोबा."

त्यांच्याकडे कुठेतरी भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"पोरी, जेवलीस का?"

"जेवले."

"खोटं. बरं, ते राहू दे. माझी बायको होती ना, ती घरातल्या सगळ्या वस्तूंवर तारीख लिहायची. औषधाच्या बाटलीवर. गॅसच्या नळीवर. घड्याळात सेल घातला की त्या सेलवर. मी चिडवायचो, माझ्यावर पण लिही. ती म्हणायची, तुमची मुदत केव्हाच संपली." ते पुन्हा हसले, पण या वेळी थोडंच. "तिचं म्हणणं, वर्ष कधी सुरू झालं ते सरकारला विचारू नये. मागच्या वेळी कधी केलं होतंत, ते बघावं. तिथून मोजावं."

"मग तेच लिहू या का? बदलल्याची तारीख डब्यावर लिहा, आणि तिथून बारा महिन्यांनी पुन्हा बदला."

"उन्हाळा गेला?"

"गेला, आजोबा. माफ करा."

"हरकत नाही. यायचा तो येईलच." मग म्हणाले, "भिंतीवरच्या घड्याळात तिने घातलेला सेल आहे अजून. तारखेसकट. घड्याळ कधीच बंद पडलंय. मुलगा आला की म्हणतो, दादा, सेल बदला. मी म्हणतो, बदलू."

ते म्हणाले, "हे छापू नकोस," आणि फोन ठेवला.

मी चौदावं वाक्य नव्याने लिहिलं. 'बदलल्याची तारीख इथे लिहा. त्या तारखेपासून बारा महिन्यांनी फिल्टर पुन्हा बदला.' खाली एक रिकामी रेघ, तारखेसाठी. नऊ जणांना पाठवलं. एकेकाचं उत्तर येत गेलं. चंद्रवाले म्हणाले, चालेल, जरा कोरडं आहे. नव्या वर्षवाले म्हणाले, आम्हाला आधीच असं हवं होतं, कोणी विचारलंच नाही. साडेतीनपर्यंत आठ भाषांतून ते जाऊन परत आले. काही सांडलं नव्हतं.

माझ्या मनात मात्र आमची तारीख येत होती. मागची रेघ कधीची, ते चौकटीवर लिहिलेलंच आहे. तिथून बारा महिने मोजले की सव्वीस दिवस उरतात. आजपासून सव्विसाव्या दिवशी तो दारात बॅग टाकेल, असं मी कालपर्यंत धरून चालले होते. मी ठरवलं, आज फोन आला की सरळ सांगायचं. नको करूस सही. आडवळण नाही, 'बघ तुला काय वाटतं' नाही. एक वाक्य, कुठल्याही भाषेतून नेलं तरी तसंच परत येईल असं. ये.

चारला फोन थरथरला. मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

"झोपलीय?" त्याने विचारलं. मागे मशिनींची घरघर होती.

"झोपलीय. हातात खडू घेऊन." आधी त्याला हसवावं, मग सांगावं, असा विचार करून मी त्याला स्टूल, जांभळी रेघ, बटण आणि दिवा, सगळं सांगितलं. तिच्या आवाजात 'मग! आधी बटण' म्हणून दाखवलं. तो खूप हसला. असा हसलेला मी बरेच दिवस ऐकला नव्हता.

"केवढी उंच मारलीय?"

"बरीच. डोक्याच्या वर. स्टुलावर चढली होती ना."

"नाही, पण ती स्वतः केवढी झालीय?"

"ते मी कसं सांगणार? मध्ये मोजायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे."

तो हसेल असं वाटलं. हसला नाही.

"मोज," तो म्हणाला.

"काय?"

"आज मोज. तूच मार रेघ. फोटो काढून पाठव."

मी ओट्याला टेकले. नियम त्याचा होता. तीन वर्षांत फोनवर एकदाही, अगदी लाडात येऊनसुद्धा, त्याने कधी विचारलं नव्हतं की आता केवढी झाली. सव्वीस दिवसांनी येणारा माणूस 'मोज' म्हणत नाही.

"कधी केलीस सही?"

"सकाळी," तो म्हणाला. आणि मग भराभर, "तू काल म्हणालीस ना, बघ म्हणून. मला वाटलं, तुला होच म्हणायचंय, फक्त तोंडाने म्हणवत नाहीये. म्हणून माझ्यावर सोडलंस. मी म्हटलं, तिला कशाला म्हणायला लावायचं."

"मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"मला वाटलं, तू नको म्हणशील. रात्रभर वाट बघितली. म्हटलं फोन करेल."

"मी म्हटलं, तू करशील."

नऊ भाषांतली वाक्यं जाऊन येऊन कुठे सांडली, हे शोधायची मला सवय आहे. आमचं एकच वाक्य, एकाच भाषेतलं. ते जाऊन परत आलंच नाही, आणि ते बघायला मध्ये कोणी नव्हतं.

"परत नाही का घेता येणार?" मी विचारलं.

"साहेबांनी कागद वर पाठवला गं." मग अगदी हळू, "विचारलं मी. दुपारी जाऊन विचारलं."

म्हणजे त्यालाही दुपारपर्यंत राहवलं नव्हतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं की आणखी वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

"रडतेयस?"

"नाही. कांदा."

"चार वाजता?"

"तुला काय करायचंय?"

तो हुं म्हणाला. मग म्हणाला, "पेन्सिल कपाटाच्या वरच्या खणात आहे. चपटी. टोक बारीक कर. पुस्तक सरळ धर, तू तिरकं धरतेस."

"मी कधी धरलंय?"

"कधीच नाही. म्हणून तर सांगतोय."

फोन ठेवल्यावर मी तोंड धुतलं. आज नळाला पाणी नव्हतं, बादलीतलं घेतलं. नववी भाषा येऊन पडली होती. ती जुळवली आणि पावणेपाचला फाइल पाठवली. मोठ्या बाईंचं लगेच उत्तर आलं, 'शाब्बास. तारखेची युक्ती छान. कोणाची?' मी लिहिलं, 'आजोबांच्या घरातली.' त्यांनी अंगठा पाठवला.

खारू उठली तेव्हा तिच्या गालावर जांभळा डाग होता. ती तडक दाराशी गेली, बाहेरच्या. कडीपर्यंत हात पुरत नाही म्हणून फटीतून बाहेर बघितलं. मग बुटांच्या जागी बघितलं, मोठे बूट आहेत का. मग माझ्याकडे.

"नाही आले," ती म्हणाली.

"नाही."

"रेघ वाकडी झाली म्हणून?"

"नाही गं राणी. रेघ छानच आहे." मी तिला जवळ घेतलं. झोपेतून उठलेल्या मुलाच्या मानेला जो वास असतो तो घेतला. हाही तो चुकवणार, एक अख्खं वर्ष, आणि पुढच्या वेळी ती पाच वर्षांची, शाळेत जाणारी मुलगी असेल. "ये, आज आपण मोजू या. बाबांनी सांगितलंय. फोटो पाठवायचाय त्यांना."

मोजायचं म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. धावत जाऊन चौकटीला पाठ लावून उभी राहिली. सांगावं लागलं नाही. टाचा टेकवल्या, हनुवटी खाली घेतली, पोट आत घेतलं आणि श्वास कोंडून धरला. सगळं त्याने शिकवल्याप्रमाणे, एका वर्षात एक गोष्टही न विसरता. मी कपाटातून पेन्सिल काढली. सुरीने टोक करताना पेन्सिलीवर त्याच्या दातांचे व्रण दिसले. पुस्तक घेतलं. सरळ धरलं. खरंच तिरकं जात होतं. पुन्हा धरलं.

पुस्तक टेकलं ते मागच्या रेघेच्या बरंच वर. मला वाटलं होतं त्याहून बरंच वर. रोज जिला मी न्हाऊ घालते, जिची वेणी घालते, ती एवढी झालेली मला दिसलीच नव्हती. हे सगळं त्याचं होतं. त्याच्यासाठी राखून ठेवलेलं, न चाखलेलं.

मी पेन्सिल लाकडाला टेकवली.

"आई," खारू म्हणाली. हनुवटी खालीच, मान न हलवता, पुस्तकाखालून. "थांब ना. तू आत्ताच मोजलंस, तर मग बाबा आल्यावर काय मोजणार?"